स्प्लेंडरचा टाचेचा गिअर कापायचा की ठेवायचा: कामाच्या नोंदी

गाडी स्प्लेंडर प्लस, २००९ ची, हिरो होंडाच्या काळातली. ९७.२ सीसी, चार गिअर, किक स्टार्ट. गिअरच्या लिव्हरला दोन टोकं आहेत, पुढचं चवड्याने दाबायचं आणि मागचं टाचेने. प्रश्न त्या मागच्या टोकाचा आहे. चालवणारे आम्ही दोघं. मी कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, त्यामुळे पायात स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज, दहा नंबरचे. आबा तीच गाडी घेऊन शेतावर आणि डेअरीला जातात. त्यांच्या पायात कोल्हापुरी पायताण, पावसाळ्यात गमबूट.

तक्रार अशी की चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास असताना रस्त्यात खड्डा किंवा गतिरोधक आला, की गाडी कधीकधी तिसऱ्यात पडते. इंजिन किंचाळतं, मागचं चाक धरल्यासारखं होतं. कोरड्या रस्त्यावर झटक्यावर भागतं, ओल्यावर भागणार नाही. माझ्यासारखे मोठ्या बुटांचे आणि घरच्या एकाच गाडीवर चालणारे बरेच जण आहेत, म्हणून काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवतोय.

९ जून

गॅरेजला दाखवली. मिस्त्री म्हणाले, गिअर स्लिप होतोय, फोर्क आणि ड्रम (इंजिनात गिअर सरकवणारे भाग) बघावा लागेल, इंजिन उघडायचं. अंदाज साडेतीन हजारांचा. मला ते पटलं नाही. फोर्क झिजला असता तर चढाला, ओझं असताना गिअर सुटला असता आणि गाडी मोकळी झाली असती. इथं गिअर सुटत नाही, खालचा गिअर नीट बसतो. याचा अर्थ लिव्हर कुठून तरी दाबला जातोय. इंजिन न उघडता घरी आणली.

११ जून

खडू लावून पाहिला. लिव्हरच्या मागच्या रबरावर पांढरा खडू जाड घासला, सेफ्टी शूज घातले आणि गिअरला टाच अजिबात न लावता गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर चौथ्यात जाऊन आलो. थांबताना क्लच दाबून तसाच थांबलो. उतरून बूट उलटा केला तर टाचेच्या सोलवर, आतल्या कडेला, चंद्रकोरीसारखा पांढरा डाग. मधल्या खड्ड्यांनी टाच रबरावर टेकत होती. इंजिनाचा काही दोष नाही, साडेतीन हजार वाचले.

कुणाला अशीच तक्रार असेल तर इंजिन उघडण्याआधी हे करा. एका खडूचा खर्च आहे.

मग टेप लावून मापं घेतली. पुढचं रबर ते मागचं रबर, मध्ये मोकळी जागा साधारण २१ सेंमी. माझ्या बुटाचा सोल ३१. फुटरेस्टवर पायाचा मधला भाग ठेवला की चवडा पुढच्या रबराखाली जातो आणि टाच बरोबर मागच्या रबराच्या वर येते, जेमतेम बोटभर अंतरावर. आबांचं पायताण घालून बसलो तर टाच रबराच्या पुढेच राहते. पायताणात त्यांना आजवर त्रास का झाला नाही, ते इथं कळलं.

१६ जून

कामावरच्या चारचौघांनी एकच सल्ला दिला: मागचं कापून टाक, आजकालच्या गाड्यांना असतंच कुठे. हा सल्ला देण्याआधी गिअर कुठल्या बाजूला पडतात ते बघायला हवं, आणि ते कुणीच बघत नाही.

स्प्लेंडरला न्यूट्रल सगळ्यात वर आहे आणि पुढे दाबत गेलं की एक, दोन, तीन, चार. मागे दाबलं की एकेक उतरतो. म्हणजे या गाडीत टाचेचं काम गिअर कमी करणं. सिग्नलला, चढाला, उसाची ट्रॉली आडवी आली की घाईने जे काम करावं लागतं ते टाचेवर आहे. टाच कापली की तेच काम बुटाच्या टोकाने लिव्हर खालून वर उचलून करायचं.

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० किंवा होंडाची हायनेस सीबी ३५० सारख्या गाड्यांत उलटं आहे. तिथं पहिला खाली, बाकीचे वर. टाचेने गिअर वाढतो. तिथं टाच चुकून दाबली गेली तर गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन मंदावते, चाक धरत नाही. दोन्ही गाड्यांना एकच सल्ला लागू होत नाही.

२२ जून

कापाकापी करण्याआधी फुकटातलं करून पाहिलं. मागच्या लोखंडी पट्टीवरचं रबर ओढून काढलं. रबराची जाडी जवळपास एक सेंमी निघाली, तेवढी टाच मोकळी झाली. खडू पुन्हा लावला. डाग आला, पण फिकट आणि मोठ्या खड्ड्यालाच.

कोरड्यात चांगलं चाललं. संध्याकाळी पाऊस आला आणि ओल्या सोलखाली गुळगुळीत क्रोमची पट्टी सटकायला लागली. गिअर अर्धा दाबला जाऊन तिसरा आणि दुसरा यांच्या मधेच अडकला. मोकळं इंजिन, मागून एसटी. रबर परत बसवलं. पावसाळ्यात रबराशिवाय चालवू नका, पट्टीवर निदान कानशीने आडवे खाचे तरी पाडा.

२३ जून

दुसरा फुकटातला उपाय: लिव्हर शाफ्टवर (इंजिनातून बाहेर येणाऱ्या दातेरी दांड्यावर) एक दात फिरवून बसवणं. पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली जाईल, टाचेला जागा मिळेल, असा हिशोब.

करताना दोन गोष्टी सांभाळा. लिव्हर काढण्याआधी शाफ्टच्या तोंडावर, लिव्हरच्या चिरेसमोर, पंचाने एक ठिपका मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. आणि दहाचा पाना लावून बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढू नका. बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग चिरेत जाड स्क्रूड्रायव्हर घालून किंचित फाकवलं की लिव्हर हाताने निघतो. हातोडीने ठोकून काढलेले लिव्हर मी पाहिले आहेत, त्यांचे दाते गेलेले असतात आणि शाफ्टचा ऑइल सील गळायला लागतो.

एक दात फिरवला. टोकाला जवळपास दोन बोटांचा फरक पडला, हवा होता त्यापेक्षा जास्त. टाचेला जागा झाली खरी, पण आता मागची पट्टी पूर्ण दाबली की खाली साइड स्टँडच्या जोडापाशी टेकते आणि गिअर पडायच्या आत थांबते. पुढचं टोक इतकं वर आलं की गिअर टाकायला अख्खा पाय फुटरेस्टवरून उचलावा लागतो. ठिपका जुळवून मूळ जागी आणला.

लिव्हर एकाच लोखंडाचा आहे. तो कितीही फिरवला तरी पुढच्या आणि मागच्या पट्टीतलं अंतर तेवढंच राहतं. माझी अडचण अंतराची आहे, कोनाची नाही, त्यामुळे हा रस्ता इथं बंद.

३० जून

कापून बघायचं ठरलं, पण गाडीचा मूळ लिव्हर नाही. बाजारातून डुप्लिकेट आणला, १८० रुपये. मूळ लिव्हर एकदा कापला की तो परत येत नाही, आणि गाडी दोघांची आहे.

डुप्लिकेट वाइसमध्ये धरला. मागचा दांडा बुशापासून (लिव्हरचा शाफ्टवर बसणारा गोल भाग) साधारण दीड सेंमी सोडून हॅक्सॉने कापला. ग्राइंडर मुद्दाम टाळला, पातळ लोखंड तापलं की बुशाजवळचं क्रोम निळं पडून पोपडे धरतं. हॅक्सॉला वेळ गेला पण काप स्वच्छ आला. कडा कानशीने गोल केल्या, कारण हा तुकडा पोटरीच्या खालच्या बाजूला येतो आणि पाय टेकवताना पँट फाडू शकतो. वर काळा रंग मारला.

पहिल्या फेरीला पायाला जी मोकळीक मिळाली ती सांगण्यासारखी आहे. पाय फुटरेस्टवर पुढेमागे हवा तसा सरकतो, गुडघ्याचा ताण जातो. खड्ड्यात काही होत नाही.

गिअर कमी करताना मात्र अडलं. सेफ्टी शूजचं नाक सहा सेंमी उंच आहे. पुढचं रबर आणि फुटरेस्टची पातळी यांत जागा चारची. म्हणजे प्रत्येक वेळी पाय मागे घ्यायचा, नाक खाली झुकवायचं, रबराखाली घालायचं आणि मग उचलायचं. साधा चामड्याचा बूट घालून तेच काम सहज झालं. थांबताना पूर्वी टाच टक टक टक करत न्यूट्रलचा हिरवा दिवा लागायचा. आता दर वेळी पाय खाली घालून उचलायचा.

१ जुलै

आबांना चालवायला दिली. फाटकापासून पिंपळापर्यंत गेले आणि दुसऱ्यातच परत आले.

"आरं, मागचं कापलंस तर मी काय अंगठ्यानं उचलू व्हय? नख जाईल की."

त्यांचा अंगठा बघितला. पायताणात अंगठा उघडा. रबराखाली घालून उचलायचं म्हणजे सगळा जोर नखावर आणि अंगठ्याच्या सांध्यावर. आपल्याकडच्या साध्या गाड्यांना टाचेचा दांडा टिकून आहे तो यासाठी. चप्पल घालून, पायताण घालून, चिखलाच्या पायाने गाडी चालवणाऱ्याला दोन्हीकडे वरून दाब देता यायला हवा. पॉलिश केलेले ऑफिसचे बूट घालणाऱ्यालाही हेच सोयीचं, बुटाच्या वरच्या चामड्यावर ओरखडा येत नाही.

मूळ लिव्हर परत चढवला. निर्णय: टाच ठेवायची, तिची जागा बदलायची.

७ जुलै

मागचा दांडा थोडा मागे आणि थोडा वर नेला तर माझी टाच त्याच्या पुढे राहील आणि मुद्दाम उचलल्याशिवाय त्यावर पडणार नाही. आबांना टाच जराशी जास्त मागे न्यावी लागेल. पुठ्ठ्याचा लिव्हर कापून, चिकटपट्टीने गाडीवर लावून दोघांचे पाय ठेवून पाहिले. मागे ३ सेंमी, वर २ सेंमी, इथं दोघांचं जुळलं. आबांना अजून थोडं कमी चाललं असतं, मला अजून थोडं जास्त. पुठ्ठा फुकट आहे, लोखंडाआधी त्यावर वेळ घालवा.

दुसरा डुप्लिकेट लिव्हर घेऊन तो नुसता वाकवून भागतंय का बघितलं. पाइप घालून थंडच वाकवला. वाकला, पण वाकाच्या बाहेरच्या बाजूला केसासारखी चीर दिसली. नखाने लागत होती. असा लिव्हर पायाखाली ठेवायचा नाही. आणखी १८० रुपये गेले. याच लिव्हरचा बोल्ट पूर्ण आवळल्यावरही बुश शाफ्टवर किंचित हलत होता. डुप्लिकेटचं लोखंड मऊ, दाते उथळ. मूळ लिव्हरचीच जोडी हवी हे इथं नक्की झालं. अधिकृत पार्टच्या दुकानातून ओरिजिनल घेतला, ४२० रुपये. नवा लिव्हर बदलायला, जुना जसाच्या तसा कपाटात.

१४ जुलै

फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. वेल्डिंगवाल्या मामांनी लिव्हर हातात घेऊन आधी विचारलं, "क्रोम घासलंस का?" घासून नेलं होतं. क्रोमवर वेल्डिंग धरत तर नाहीच, शिवाय तो धूर विषारी असतो, छातीला वाईट. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी क्रोम पूर्ण काढून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम केलं. लिव्हर गाडीवर ठेवून वेल्डिंग करू देऊ नका. करंट इंजिनातून गेला तर वायरिंगचं आणि सीडीआयचं (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचं) नुकसान होतं, आणि शेजारी पेट्रोल आहे.

दांडा मधून कापला. मधे १२ मिमीची माइल्ड स्टीलची सळी घातली. सळीची दोन्ही टोकं निमुळती घासली, म्हणजे वेल्ड आतपर्यंत भरतो, नुसता वरून चिकटत नाही. मामांनी आधी दोन टाके मारले, मी लिव्हर गाडीवर लावून पुठ्ठ्याशी ताडून पाहिला, मग पूर्ण वेल्ड. टाके मारून तपासलं नसतं तर पट्टी तिरकी बसली असती, पहिल्या टाक्यात ती बाहेरच्या बाजूला पडत होती. पाण्यात बुडवून गार करू दिला नाही, हवेवर गार होऊ दिला. मजुरी १५० रुपये.

१५ जुलै

लिव्हर चढवला. जागेवर उभा असताना सगळं ठीक. पट्टी पूर्ण दाबली की सळीचा वाक चेन कव्हरच्या पुढच्या कडेला घासतो. कव्हरवरचा रंग पहिल्याच दाबाला निघाला. एवढंसं घासणंही चालत नाही, कारण लिव्हर परत वर यायला तिथं अडतो आणि अर्धवट परतलेल्या लिव्हरवर पुढचा गिअर पडत नाही.

लिव्हर काढला, परत दुकानात. गॅसवर सळीचा भाग लालसर तापवून साधारण ८ मिमी बाहेर काढला. बुशाला ओलं फडकं गुंडाळलं होतं, दात्यांपर्यंत उष्णता जाऊ नये म्हणून. मामांनी याचे पैसे घेतले नाहीत.

जोड बघायची साधी पद्धत: लिव्हर वाइसमध्ये बुशाला धरून मागच्या पट्टीवर हाताने पूर्ण जोर द्यायचा, मग जोडावर खडूची पूड चोळून झटकायची. चीर असेल तर पूड रेघेत अडकते. अडकली नाही. प्राइमर, वर काळा इनॅमल, ९० रुपये. नवी दोन्ही रबरं, ३० रुपये.

२१ जुलै

जोतिबाच्या डोंगरावर नेली. चढाला तिसऱ्यातून दुसऱ्यात, वळणाला परत दुसऱ्यातून तिसऱ्यात, सतत काम. वर धुकं आणि पाऊस, रस्ता ओला. टाच एकदाही चुकून टेकली नाही. निघण्याआधी लावलेला खडू पावसाने धुऊन गेला, त्यामुळे तो पुरावा धरत नाही, पण गाडी एकदाही आपणहून तिसऱ्यात पडली नाही. खाली उतरताना इंजिनावर रोखायचं असतं तेव्हा टाचेचा दाब हुकमी हवा, तो मिळाला.

पाय थोडा जास्त उचलावा लागतो. परतताना डाव्या नडगीच्या पुढच्या बाजूला ताण जाणवला (नंतरची भर: तो दोनेक आठवड्यांत गेला).

१८ ऑगस्ट

आबांचं म्हणणं नोंदवून ठेवतो. गमबुटात त्यांना नवी पट्टी जुन्यापेक्षा बरी वाटते, कारण गमबूट मोठा आणि तोही आधी टेकायचा. पायताणात मात्र टाच मागे न्यायला विसरायला होतं, मग ते पट्टीच्या पुढेच दाबतात आणि पाय हवेत जातो. पट्टी पाऊण सेंमी पुढे आली असती तर दोघांचं नीट झालं असतं. रबर थोडं पुढे सरकवून, मागून वॉशर घालून तेवढं भागवलं.

बोल्ट तपासला. पाव आटा सैल झाला होता. लांबलेल्या दांड्यामुळे दात्यांवर जोर वाढतो, त्यामुळे महिन्याकाठी हा बोल्ट बघावाच लागणार. स्प्रिंग वॉशर नवा घातला.

१० नोव्हेंबर

गळीत सुरू झालं. रस्त्यावर ट्रॉल्या, बैलगाड्या, सांडलेला ऊस. गिअर खालीवर करणं जवळपास अखंड. जोड ठीक, रंग टाचेच्या घासण्याने उडालाय तिथं गंज धरतोय, परत मारला.

शिफ्टमधला एक जण क्लासिक ३५० घेऊन आला, त्यालाही टाच काढायची आहे. त्याचा पाय मोठा, बूट माझ्यासारखेच, आणि गाडी तो एकटाच चालवतो. त्याला काढ म्हणालो. त्याच्या गाडीत टाचेने गिअर फक्त वाढतात, कमी करायला पुढूनच दाबायचंय, त्यामुळे घाईचं काम पुढच्या टोकाकडेच राहतं. वाढवताना बुटाने उचलणं तेवढं शिकावं लागेल. त्याच कंपनीची हंटर नुसत्या पुढच्या लिव्हरवरच येते. होंडाचंही तसंच: हायनेसला टाच आहे, त्याच इंजिनाच्या सीबी ३५० आरएसला नाही. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांत तर टाचेचा दांडा वेगळाच असतो, काढून शाफ्टवर मोकळ्या जागेत स्पेसर घातला की झालं. कापायचा प्रश्न स्प्लेंडरसारख्या एकाच लोखंडाच्या लिव्हरला येतो.

आधी मात्र त्याच्या गाडीच्या पुढच्या रबराखाली त्याचं बुटाचं नाक जातंय का ते पाहिलं. गेलं, पण घासून. लिव्हर कापण्याऐवजी नुसत्या पुढच्या टोकाचा तयार लिव्हर बघ, असं सांगितलं. तो बसवल्यावर उंची जुळवता येते का हे घेण्याआधी दुकानात गाडीवर लावूनच बघायचं. जुना लिव्हर तो फेकणार नाही, विकताना लागेल.

माझा खर्च धरला तर डुप्लिकेट दोन ३६०, ओरिजिनल ४२०, वेल्डिंग १५०, रंग आणि रबरं १२०. एकूण १,०५०. आधी पुठ्ठा केला असता आणि डुप्लिकेट घेतलेच नसते तर ६९०. आता गिअर शाफ्टच्या सीलजवळ तेलाचा हलका ओलावा दिसतोय, लिव्हर इतक्यांदा काढघाल झाल्यामुळे असेल किंवा सील जुनाच आहे. पुढच्या ऑइल बदलाला तो काढून नवा घालायचा आहे.